सोपाऱ्याचा गोविंददास आणि जुन्नरची वाट

जुन्नरला माणसे मुख्यतः दोन कारणांनी येतात. एक तर शिवनेरीवर शिवजन्मस्थानी डोके टेकवायला, नाहीतर अष्टविनायकाच्या फेरीत लेण्याद्रीचा गणपती करायला. दोन्ही एका दिवसात उरकतात, मध्ये कुठेतरी मासवडी-भाकरी होते आणि गाडी नारायणगावमार्गे पुण्या-मुंबईला लागते. त्यात वावगे काहीच नाही. फक्त ज्या गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी खोदलेली आहेत, भारतात एका ठिकाणी एवढी लेणी दुसरीकडे नाहीत, ते गाव इतक्या घाईत पाहून होत नाही. शिवाय जुन्नरला पुण्याकडून येणे म्हणजे मागच्या दाराने येणे आहे. हे गाव ज्यांच्या पैशावर उभे राहिले ते कोकणातून, नाणेघाट चढून येत होते. म्हणून मी सांगेन, एकदा तरी कल्याणहून या आणि घाट पायी चढा.

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाणारी एसटी पकडायची, टोकावडे मागे टाकायचे आणि वैशाखरे गाव गेले की नाणेघाटाच्या पायथ्याशी उतरायचे. उतरल्या उतरल्या समोर नानाचा अंगठा दिसतो. सह्याद्रीची भिंत तिथे सरळ आकाशात घुसली आहे. वाट आधी झाडीतून, ओढ्याच्या कडेने जाते आणि मग चढाला लागते. वेग बेताचा असेल तर दोन-अडीच तासांत माथा येतो. वरच्या टप्प्यात पायाखाली दगड बसवलेले लागतात. त्यांची डागडुजी वेळोवेळी झाली असणार, पण वाटेची आखणी जुनी आहे. चढ कुठेही अंगावर येत नाही. लादलेल्या बैलाला जो चढ झेपतो तोच माणसाला झेपतो, आणि ही वाट बैलांसाठी केलेली आहे हे चढताना पोटऱ्यांना कळते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेले ‘पेरिप्लस’ नावाचे एक सागरी टिपण आहे. त्यात सोपारा आणि कल्याण ही बंदरे येतात, तशीच पैठण आणि तगर म्हणजे आजचे तेर ही घाटावरची व्यापारी शहरेही येतात. बंदर आणि बाजारपेठ यांच्यामध्ये सह्याद्री आडवा पडलेला. माल वर न्यायचा तर कुठेतरी घाट फोडायला हवा. तो इथे फोडला गेला, आणि घाट चढून आल्यावर पहिले मोठे मुक्कामाचे ठिकाण होते जुन्नर.

माथ्याच्या जरा अलीकडे लेणे लागते. एक चौकोनी दालन, तीन बाजूंनी दगडी बाक. दमलेला माणूस आधी बाकावर बसतो, पाणी पितो आणि मग त्याचे लक्ष भिंतीकडे जाते. डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा प्राकृत लेख आहे. दगड झिजला आहे, अधूनमधून ओळीच्या ओळी गेल्या आहेत, तरी अक्षरांची उंची आणि ओळींची सरळ रेघ पाहून कोरणाऱ्याचा हात जाणवतो. लेख राणी नागनिकेच्या काळचा. ती सातवाहन राजा पहिल्या सातकर्णीची पत्नी, एका महारठीची मुलगी. लेखाचा काळ साधारणपणे इसवी सनपूर्व पहिले शतक धरतात, काही अभ्यासक थोडा मागेही नेतात.

लेखाची सुरुवात धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांच्या वंदनाने होते. मग राणीचे वर्णन येते: महिना महिना उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी वागणारी, ब्रह्मचर्य पाळणारी. त्यापुढे यज्ञांची यादी आहे. अश्वमेध आहे, राजसूय आहे, आणि प्रत्येक यज्ञाला दक्षिणा काय दिली याचा हिशेब आहे. एका यज्ञाला ११,००० गायी आणि १,००० घोडे. दुसऱ्या ठिकाणी २४,४०० कार्षापणे, आणि वर बघ्यांना व नोकरचाकरांना ६,००१. बघ्यांनाही दक्षिणा आणि तीही वरच्या एका नाण्यासकट! शकुनाचा एक रुपया वर ठेवण्याची आपली सवय नागनिकेच्या खजिनदारालाही होती की काय, असे वाटून जाते. हा माझा तर्क आहे, इतिहास नव्हे. मात्र आकडा भिंतीवर आहे.

या आकड्यांमुळेच हे लेणे जगभरच्या गणिताच्या इतिहासात पोचले. ब्राह्मी अंकांचा इतका जुना आणि इतका भरघोस नमुना दुसरा नाही. एकासाठी एक आडवी रेघ, दोनासाठी दोन. दहाला वेगळे चिन्ह, शंभराला वेगळे, हजाराला वेगळे. हजाराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडले की चार हजार. शून्य नाही, स्थानावरून किंमत ठरवण्याची युक्तीही अजून आलेली नाही. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या भागातले लेख प्रथम विद्वानांपुढे आणले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या अंकांचा उलगडा केला आणि ब्यूलर यांनी १८८३ साली लेखाचे वाचन छापले. भगवानलाल जुनागडचे, मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे काम करता करता पुराविद्येत तयार झालेले. ना विद्यापीठाचे शिक्षण, ना सरकारी हुद्दा. ठसे घेत, अक्षरे जुळवत हा माणूस लेण्यालेण्यांतून हिंडला.

मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या. शिमुक सातवाहन, सातकर्णी, नायनिका म्हणजेच नागनिका, तिचे वडील महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरि अशी नावे त्यांच्या डोक्यावर कोरलेली. राजाराणीच्या जिवंतपणीच्या किंवा जवळच्या काळातल्या, नावानिशी ओळखता येणाऱ्या इतक्या जुन्या प्रतिमा भारतात फार थोड्या आहेत. आज तिथे पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. टॉर्च तिरपा धरला तर पाऊल, घोट्याजवळचा वस्त्राचा काठ असे काही दिसते, त्यावर भिंत सपाट.

बहुतेक पाहुणे इथे फोटो काढून वर जातात. मी मात्र सांगेन, बाहेर या आणि पाण्याच्या टाक्यांकडे पाहा. त्यांतल्या एका टाक्यावर एक ओळीचा लेख आहे. सोपाऱ्याच्या गोविंददासाने हे टाके दान दिले, एवढेच त्यात आहे. राजाचे नाव नाही, वर्ष नाही, यज्ञ नाही. आजच्या नालासोपाऱ्याचा कुणी एक माणूस माल घेऊन हा घाट चढत असेल, पाण्यावाचून तडफडला असेल किंवा बैल तडफडलेले त्याने पाहिले असतील, आणि चार पैसे हाती आल्यावर त्याने माथ्याजवळ पाणी अडवले. नागनिकेच्या अकरा हजार गायी कुठे गेल्या कोण जाणे. गोविंददासाचे दान मात्र वाटेवरच्या माणसाच्या घशाशी जोडलेले होते. मला जुन्नरचा सगळा परिसर या ओळीपासून वाचायला आवडतो.

टाक्यांपासून वर निघालो की वाट दोन कड्यांमधल्या अरुंद नळीत शिरते. ती संपते तिथे एकदम उजाड सपाटी आणि वारा. बाजूला तो प्रसिद्ध दगडी रांजण. जकातीची नाणी यात टाकत असत, असे प्रत्येक जण सांगतो आणि पाट्याही तेच सांगतात. नागनिकेच्या लेखात जकातीचा शब्दही नाही, हे लक्षात ठेवावे. रांजण जकातीचा असेलही. घाटमाथ्यावर जकात घेणे ही फार जुनी आणि फार फायद्याची गोष्ट आहे. पण लोकांनी सांगितलेले आणि दगडाने सांगितलेले यांत गल्लत नको.

माथ्यावर घाटघरच्या बायका चुलीवर भाकऱ्या टाकतात. पिठले, ठेचा, कांदा. अशाच एका मावशींना मी विचारले, पावसाळ्यात उलट्या धबधब्याला लोटणारी ही गर्दी लेणे पाहते का? “कुठलं हो? ते पाणी उडताना मोबाइल धरून बसत्यात. लेण्यात आडोशाला जात्यात पाऊस आला की,” मावशी म्हणाल्या आणि भाकरी उलटली. एका अर्थी लेणे अजून त्याच्या मूळ कामालाच येते आहे.

इथून जीवधन आणि त्याच्या शेजारचा वानरलिंगी सुळका अगदी हाताशी दिसतो. पुढे चावंड आणि हडसर. घाटाला आणि घाटाच्या रस्त्याला राखणारी ही किल्ल्यांची रांग आहे. सतराव्या शतकात जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर मोगलांच्या ताब्यातल्या जुन्नरला रुग्ण पाहायला आला होता. येताना त्याने दुसरा अवघड घाट चढला आणि परतताना नाणेघाटाने उतरला. हा घाट जास्त सोपा आहे, ही त्याची नोंद बैलांच्या चढाला दिलेली पावतीच म्हणायची.

घाटघरहून जुन्नरचा रस्ता माणिकडोह धरणाच्या पाण्याच्या कडेने जातो. जुन्नर गाठायच्या आधी पाडळीजवळ तुळजा लेणी आहेत. कमी माणसे जातात, पण माझ्या मते या परिसरातली खोदकामाची सर्वांत देखणी कल्पना इथे आहे. नेहमीचे चैत्यगृह लांबट, मागे अर्धवर्तुळाकार असते. तुळजा लेण्यातले चैत्यगृह पूर्ण गोल आहे. मधोमध स्तूप, त्याच्याभोवती बारा साधे अष्टकोनी खांब, स्तूपावर घुमटासारखे छत. नक्षी नाही, मूर्ती नाही. गवताने शाकारलेली गोल झोपडी कुणीतरी डोंगराच्या पोटात उतरवून ठेवली आहे असा आकार. जुन्नरच्या लेण्यांत हे सर्वांत जुन्यांपैकी, इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या आसपासचे. पुढची भिंत ढासळली असल्यामुळे उजेड सरळ आत येतो. सकाळी गेलात तर खांबांच्या सावल्या स्तूपावर पडलेल्या पाहायला मिळतील.

लेण्याद्रीला गर्दी ठरलेली. पायऱ्या तीनशेच्या आसपास, डोल्या आहेत, माकडे आहेत, खाली तिकीट आहे. हे संरक्षित स्मारक असल्याने दर्शनाला आलेल्यालाही तिकीट काढावे लागते, त्यावरून रोज कुणीतरी हुज्जत घालतो. गिरिजात्मजाचे मंदिर हे क्रमांक सातचे लेणे आहे. मुळात भिक्षूंचा विहार: मोठा बिनखांबी सभामंडप, तिन्ही बाजूंना खोल्या, आणि मागच्या खोल्यांच्या जागी आता गाभारा. भाविक इथे हात जोडतात आणि तसेच खाली उतरतात. शेजारचे सहा क्रमांकाचे लेणे पाच-पंचवीस पावलांवर असते, तिथे सहसा शुकशुकाट.

ते चैत्यगृह आहे. ओसरीच्या खांबांवर सिंह, हत्ती, वाघ अशी जनावरे पाठीला पाठ लावून बसली आहेत. आत कमानदार छत, त्यावर लाकडी तुळयांची आठवण देणाऱ्या दगडातच कोरलेल्या फासळ्या. आणि ओसरीच्या मागच्या भिंतीवर, दाराच्या वर, एक ओळ: कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिले. हेरणिक म्हणजे सोन्याचा व्यवहार करणारा, सोनार किंवा खजिनदार. सोपाऱ्याच्या गोविंददासाने घाटावर टाके दिले होते, इथे कल्याणच्या सराफाचा मुलगा अख्खे देऊळ देतो आहे. दोघेही कोकणातले, दोघेही त्याच वाटेचे. या डोंगरात राजाच्या पैशाने काय झाले हे शोधत बसण्यापेक्षा बंदरातल्या पेढीचा पैसा इथे कसा मुरला ते पाहणे जास्त फलदायी आहे.

मानमोडीच्या डोंगरात हेच चित्र आणखी रुंद होते. जुन्नर गावाच्या दक्षिणेचा हा डोंगर. त्यातल्या भूत लेण्याच्या दर्शनी कमानीत मध्यभागी लक्ष्मी, भोवती पाकळ्यांत हत्ती आणि स्त्रिया, वर स्तूपाच्या दोन्ही अंगांना नाग आणि गरुड. एवढा थाटाचा दर्शनी भाग करून आतले काम अर्धवट सोडलेले. पैसा संपला असेल, दगड वाईट लागला असेल किंवा राजकारण बदलले असेल. दर्शनी भागाचे दान कुणाचे, ते तिथेच लिहिले आहे: यवन चंद याचे. यवन म्हणजे ग्रीक किंवा त्या बाजूचा पश्चिमेकडचा माणूस. जुन्नरच्या लेखांत असे आणखी दोन यवन आहेत. इरिल नावाच्या एकाने पाण्याची दोन टाकी दिली, चित नावाच्या दुसऱ्याने संघासाठी भोजनमंडप. भूमध्य समुद्राकडून आलेले किंवा तिकडचे रक्त असलेले हे लोक जुन्नरला येऊन भिक्षूंच्या जेवणाची सोय करतात, आणि लिहितात मात्र इथल्याच प्राकृतात, इथल्याच ब्राह्मीत.

त्याच डोंगरात भीमाशंकर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लेण्यांत महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आहे, वर्ष ४६. त्याने मंडप आणि टाके दिले. म्हणजे त्या वेळी जुन्नर सातवाहनांच्या हातून क्षत्रपांकडे गेले होते. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपानाच्या तेरा हजारांहून जास्त चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला होता. राज्य बदलले तरी नाणे तेच, वाट तीच.

मला सर्वांत गुंतवून ठेवतात ते श्रेणींचे लेख. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांची संघटना. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि टाके दिले आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाचे काम करणाऱ्या कासारांच्या श्रेणींकडे दानाची रक्कम गुंतवल्याचा लेख आहे. अदुथुम नावाचा एक शक उपासक दोन गावांतल्या २० आणि ९ निवर्तने जमिनीचे उत्पन्न लावून देतो, आणि तिथे करंज व वड लावायचे हेही लिहून ठेवतो. लेणे खोदले म्हणजे संपले नाही, भिक्षूंच्या चिवराला, दिव्याच्या तेलाला दरसाल पैसा लागणार. तो व्याजातून यावा, आणि व्याज देणारी पत राजापेक्षा कासाराची जास्त भरवशाची. राजे येतात-जातात, भांड्यांचा धंदा चालूच राहतो. दोन हजार वर्षांपूर्वीची ही व्यवहारी अक्कल वाचली की ‘प्राचीन भारत’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणारे ऋषी आणि रथ जरा बाजूला सरकतात.

मग शिवनेरी. १९ फेब्रुवारी १६३० च्या जन्मामुळे या किल्ल्याला जे स्थान मिळाले त्याबद्दल मी वेगळे काय लिहावे? सात दरवाजे, शिवाई देवी, गंगा-जमुना टाकी, जन्मस्थानाची इमारत, कडेलोट, सगळे पाहावेच. फक्त एवढे लक्षात असू द्या की गडाच्या कड्यांतही लेणी आहेत. साखळीच्या वाटेने चढणाऱ्याला त्यांतली काही भेटतात. ज्या खडकात आधी भिक्षूंनी पावसाळा काढला त्याच खडकावर पुढे दरवाजे आणि बुरूज चढले. कारण एकच. जुन्नरवर लक्ष ठेवायचे तर याच डोंगरावरून, आणि जुन्नरवर लक्ष ठेवायचे कारण नाणेघाटातून येणारा माल. अहमदनगर शहर वसण्याआधी, १४९० साली, निजामशाहीची सुरुवातही जुन्नरमधूनच झाली, आणि १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी मोगलांचे जुन्नर लुटले तेव्हाही इथे लुटण्याजोगे पुष्कळ होते.

२०१८ मध्ये जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. रस्ते सुधारले, पाट्या लागल्या, राहायला घरगुती सोयी झाल्या. लेखांपाशी मात्र तो लेख काय म्हणतो हे मराठीत सांगणारी पाटी अजून फार थोड्या ठिकाणी दिसते. सुलसदत्ताच्या ओळीखाली त्याचे नाव मराठीत लिहायला कितीसा खर्च येईल?

तोवर आपणच थोडी तयारी करून जावे. महाराष्ट्रात आता ब्राह्मीचे वर्ग बऱ्याच ठिकाणी चालतात आणि अक्षरे शिकायला फार दिवस लागत नाहीत. ‘क’ म्हणजे बेरजेचे चिन्ह, ‘ध’ एका बाजूने सरळ आणि दुसऱ्या बाजूने फुगीर, ‘म’ म्हणजे खाली गाठ आणि वर फाकलेले दोन हात. ‘देयधम’ हा शब्द, म्हणजे धर्मार्थ दिलेले दान, जवळजवळ प्रत्येक लेखात येतो. तो एकदा ओळखता आला की त्याच्या अलीकडे दात्याचे नाव शोधायचे. वा. वि. मिराशी यांचे सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांच्या कोरीव लेखांवरचे मराठी पुस्तक आधी चाळून गेलात तर भिंतीसमोर उभे राहिल्यावर हाती काहीतरी लागेल.

आणि काही कामाच्या सूचना. जायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात नाणेघाटाची नळी निसरडी असते आणि शनिवार-रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. अक्षरे नीट दिसावीत म्हणून त्यांत खडू, कोळसा किंवा पाणी भरू नका. त्याने दगड खराब होतो. टॉर्च भिंतीला समांतर धरला तरी पुरते. तुळजा लेणी आणि मानमोडीला गावातला माहीतगार माणूस सोबत घ्या, वाटा फुटतात. लेण्यांच्या कपारींना आग्या मोहोळे असतात, म्हणून अत्तर लावून जाऊ नका, धूर करू नका आणि मुलांना दगड मारू देऊ नका. पाणी मात्र खालूनच भरून घ्या. गोविंददासाच्या टाक्यातले पाणी प्यायचे तर उकळूनच.